जीपची क्रोमची चाकं : दोन धुण्यांच्या मधल्या नोंदी

२६ मे २०२४, बजाजनगर, वाळूज

आप्पांच्या जीपच्या चारही रिम आणि मागे टांगलेली स्टेपनी, पाचही चाकांवर खरं क्रोम प्लेटिंग आहे. रिम लोखंडी आहेत. आप्पांनी हौसेने हे काम करून घेतलं होतं. जीप आठवडाभर गंगापूर तालुक्यातल्या शेतात असते आणि रविवारी माझ्या हाती येते. मी वाळूजच्या एका प्लेटिंग कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे, त्यामुळे क्रोम चढताना रोज बघते. गाडीवर चढलेलं क्रोम आपल्याकडच्या धुळीत, चिखलात आणि बोअरच्या पाण्यात कसं टिकवायचं, ते या नोंदींमधून करून बघायचं आहे. दर रविवारी गाडी धुण्याइतकं पाणी कुणाकडेच नाही. तेव्हा पूर्ण धुणं तीन-चार आठवड्यांनी एकदा, आणि मधल्या काळात फक्त चाकांची निगा, तीही शक्य तेवढ्या कमी पाण्यात.

आजची पाहणी. पुढच्या दोन्ही रिमवर तपकिरी-काळी भुकटी चिकटलेली आहे. ही ब्रेकची भुकटी: बिडाच्या डिस्कचे लोखंडी कण आणि पॅडमधला कोळसा-राळेचा माल. ब्रेक दाबताना हे कण तापलेले असतात, म्हणून नुसती फुंकर मारून जात नाहीत. मागे ड्रम ब्रेक आहेत, तिथली भुकटी बरीचशी ड्रमच्या आतच राहते. स्टेपनीवर ब्रेकची भुकटी नाहीच, फक्त धूळ आणि पाण्याचे गोल पांढरे डाग. त्यामुळे पाण्याने काय होतं आणि ब्रेकने काय होतं, हे वेगवेगळं बघायला स्टेपनी फार कामाची.

एक गोष्ट आधीच मांडून ठेवते, कारण पुढची सगळी कामं तिच्यावर उभी आहेत. क्रोम गंजत नाही. गंजतं ते त्याच्या खालचं. लोखंडावर आधी निकेल चढवतात, चांगल्या कामात दोन थरांत, खाली अर्धचमकदार आणि वर चमकदार. बाहेर ऊनपावसात राहणाऱ्या भागांवर निकेलची जाडी २० ते ४० मायक्रॉन धरतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्याच्यावर क्रोम जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज यावा. आरशासारखी चमक ही मुख्यतः निकेलची. क्रोम तिला निळसर झाक देतं आणि काळवंडू देत नाही. पण एवढ्या पातळ थरात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं आणि भेगा असतातच. क्षाराचं पाणी त्यांतून निकेलपर्यंत पोचलं की क्रोम शाबूत राहतं आणि निकेल झिजायला लागतं. वर क्रोमचा विस्तार मोठा आणि खाली उघडं पडलेलं निकेल सुईच्या टोकाएवढं, म्हणून सगळी झीज त्या एकाच जागी होते. निकेल पार झालं की लोखंड लागतं आणि वर तांबूस ठिपका दिसतो.

म्हणजे धूळ वाईट दिसत असली, तरी कोरडी धूळ क्रोमचं फार बिघडवत नाही. बिघडवतो तो साचून राहिलेला ओलावा आणि त्यातला क्षार.

शेजारच्या काकांच्या कारची चाकंही चकचकीत आहेत, म्हणून तीही तपासली. मल्टिमीटरच्या दोन्ही सुया आमच्या रिमवर टेकवल्या की बीप वाजतो, कारण वर उघडा धातू आहे. काकांच्या रिमवर वाजला नाही. त्यांच्या चाकांवर क्रोमसारखा दिसणारा थर आणि वर पारदर्शक लॅकर आहे. त्यांची निगा गाडीच्या रंगासारखी करायची: मऊ कापड, रंगावर चालतो तोच शाम्पू, पॉलिश नाही, घासणी नाही. पुढच्या नोंदींमधल्या काही गोष्टी त्यांच्या चाकांना अजिबात करायच्या नाहीत, हे त्यांना सांगून आले.

२ जून

आज फक्त पाणी. स्टेपनी खाली काढून आडवी ठेवली, स्वच्छ पुसली आणि कडेने वेगवेगळ्या पाण्याचे थेंब टाकले. बोअरचं, कूलरच्या टाकीतलं, आरओचं पिण्याचं, आरओमधून बाहेर फेकलं जाणारं, एसीच्या नळीतून ठिबकणारं आणि बॅटरीच्या दुकानातून आणलेलं डिस्टिल्ड वॉटर. बॅटरीत टॉप-अपला घालतात ते पाणी, बॅटरीचं ॲसिड नव्हे. दोन्ही कॅन एकाच फळीवर असतात, लेबल वाचूनच घ्यावा.

संध्याकाळपर्यंत थेंब सुकले. डिस्टिल्ड आणि एसीच्या पाण्याचा माग जवळपास नाही. आरओच्या पाण्याची फिकट कड राहिली. बोअरच्या पाण्याची जाड पांढरी रिंग. आरओच्या फेकपाण्याची त्याहून जाड. सगळ्यांत वाईट कूलरचं.

कारण सरळ आहे. आपल्याकडे जमिनीखाली बसाल्टचा काळा पाषाण आणि त्याच्या भेगांत मुरलेलं पाणी. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट असतात. पाणी उडून गेलं की कॅल्शियम कार्बोनेट मागे उरतं, बादलीच्या बुडाशी बसतो तोच पापुद्रा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, एकूण कठीणपणा, म्हणजे या कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानला आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. म्हणजे पिण्याला चालणारं पाणीही चकचकीत धातूवर डाग सोडू शकतं. कूलरमध्ये दिवसभर पाणी उडत राहतं आणि क्षार टाकीतच साठत जातो, म्हणून ते मूळ बोअरपेक्षाही जड होतं. आरओचं फेकपाणीही तसंच, गाळलेल्या पाण्यातला बहुतेक क्षार तिकडे जातो.

हे मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण पाणी वाया जाऊ नये म्हणून आपल्याकडे घरोघरी कूलरचं आणि आरओचं फेकपाणी गाडीला वापरतात. वापरावंच. पायदानाला, टायरला, मडगार्डच्या आतून मारायला हरकत नाही. पण क्रोमवर शेवटचा हात फिरवायचा तो मऊ, म्हणजे जवळपास क्षार नसलेल्या पाण्याचा. त्याला लागतं किती? एका चाकाला स्प्रेच्या बाटलीतलं पेलाभर पाणी पुरतं. पाइपमधून मिनिटाला दहा-बारा लिटर पाणी जातं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींनी लातूरला पाणी आणावं लागलं होतं. माझी मावशी तिथलीच. तिच्यासमोर पाइप लावून चाकं धुवायला हात धजणार नाही.

आधीच्या पांढऱ्या डागांना साधं पांढरं व्हिनेगर, तितक्याच आरओच्या पाण्यात मिसळून. कापड भिजवून डागावर मिनिटभर ठेवलं, पुसलं, मऊ पाण्याने दोनदा धुतलं, लगेच कोरडं केलं. डाग विरघळले. जिथे आधीच तांबूस ठिपका आहे तिथे व्हिनेगर लावलं नाही, कारण ते छिद्रात शिरून राहिलं तर लोखंडालाच खातं.

९ जून

मृगाचं आभाळ भरून आलंय. पाऊस लागण्याआधी चाकं उतरवून मागून बघायची होती, म्हणून टायरवाल्या चाचांकडे गेले.

चाकाची पाठ हीच खरी गोष्ट. बाहेरून आपण पुसतो, आतल्या बाजूला कुणाचा हात जात नाही. पाचपैकी चार रिमच्या आत मागच्या पावसाळ्याची काळी माती वाळून दगड झाली होती. सुकी माती खरवडायची नाही, ओल्या गोणपाटात गुंडाळून तासभर भिजू द्यायची. मग ती आपोआप सुटते आणि प्लास्टिकच्या उलथन्याने निघते. खाली दोन रिमवर गंजाचे पट्टे निघाले. बाहेरच्या चेहऱ्यावर एकही नव्हता.

दुसरी जागा बॅलन्सिंगच्या वजनांची. रिमच्या कडेला ठोकून बसवलेल्या वजनाची क्लिप प्लेटिंगवर चावते. तिथे ओरखडा पडतो, क्लिपखाली पाणी धरून राहतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. चाचांना विचारलं तर त्यांनी सगळी जुनी वजनं काढून रिमच्या आतल्या सपाट भागावर चिकटवायची पट्टीवाली वजनं लावून दिली. वर म्हणाले, “बेटा, लोग चमक देखते, मैं किनारा देखता.” टायर आणि रिमचा सांधा जिथे असतो त्या कडेवर गंज वाढला की हवा कमी व्हायला लागते, हे त्यांनी दाखवलं. ही गोष्ट माझ्या प्रयोगशाळेत दिसत नाही, चाचांच्या दुकानात दिसते.

गंजाच्या पट्ट्यांवर ॲल्युमिनियमची फॉइल, घरात पोळ्या गुंडाळतो ती. पाण्यात बुडवून, चुरगळून, हलक्या हाताने. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा पुष्कळ मऊ असतं, म्हणून क्रोमला ओरखडा देत नाही आणि वरवरचा गंज मात्र निघून येतो. लोखंडी काथ्या वापरायचा नाही, त्याचे तुटके तंतू छिद्रांत अडकून स्वतःच गंजतात. आणि फॉइल फक्त खऱ्या, उघड्या क्रोमवर. काकांच्या लॅकरवाल्या रिमवर ती फिरवली तर लॅकर जाईल.

१६ जून

संरक्षणाचा थर आज दिला. कुठलं चांगलं हे एका चाकावर एक, दुसऱ्यावर दुसरं लावून कळणार नाही, कारण पुढच्या-मागच्या चाकांचं काम वेगळं आहे. म्हणून प्रत्येक रिमचे दोन भाग केले. व्हॉल्व्हकडच्या अर्ध्या भागाला कार्नोबाचं मेण, म्हणजे एका ताडाच्या पानांवरचं मेण, आणि समोरच्या अर्ध्या भागाला सिंथेटिक सीलंट, म्हणजे मेणाच्या जागी वापरायचं कृत्रिम लेपन. आतल्या बाजूला सगळीकडे सीलंट. स्टेपनीला अर्ध्यावर सीलंट, अर्धी उघडी.

दुसरी वाटणी अशी: डाव्या बाजूची दोन्ही चाकं मधल्या काळात पुसायची. उजव्या बाजूची फक्त गाडी धुतली की. आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “एका बाजूनं नवरी अन् दुसऱ्या बाजूनं कामाची गाडी करू लागलीस काय गं?” पण त्यांनी कबूल केलं आणि शेतावरच्या गड्यालाही बजावलं.

मेण लावण्याआधी रिम थंड, कोरडी आणि तेलकटपणा काढलेली हवी. थर इतका पातळ की दिसू नये. जाड लावलेलं मेण धूळ धरतं. नटांच्या खोबणीत आणि व्हॉल्व्हच्या मुळाशी कापडाचं टोक घालून लावलं. नटांच्या आट्यांना आणि नट टेकतो त्या बैठकीला काहीही लावलं नाही. तिथे मेण-तेल गेलं तर नट किती आवळला गेला याचा भरवसा राहत नाही. डिस्कवर आणि टायरच्या पट्ट्यावर थेंबही जाऊ द्यायचा नाही, तिथे प्रश्न ब्रेकचा आहे.

७ जुलै

मधली निगा आता हाताला बसली आहे, ती नोंदवते.

गाडी सावलीत, चाक हाताला थंड लागेपर्यंत थांबायचं. गरम रिमवर पाणी मारलं की ते पुसायच्या आत सुकतं आणि क्षार सोडतं. आधी मऊ, लांब केसांचा कोरडा ब्रश नटांच्या खोबणीतून आणि कडेने. मग स्प्रेच्या बाटलीत मऊ पाणी आणि त्यात थेंबभर साधा कार-शाम्पू. रिमवर भरपूर फवारायचं, ओलं कापड वर टेकवून क्षणभर तसंच ठेवायचं, दाबायचं नाही. भुकटी ओली होऊन कापडात उचलली जाते. मायक्रोफायबरचं कापड चौघडी घालून घ्यायचं म्हणजे एका कापडाच्या आठ स्वच्छ बाजू मिळतात. एक बाजू मळली की पुढची, मळलेली परत रिमवर नाही. दुसऱ्या कापडाने नुसत्या मऊ पाण्याचा हात. तिसऱ्याने कोरडं.

चाकांची कापडं गाडीच्या रंगाला कधीच लावायची नाहीत. त्यांत लोखंडाचे कण अडकून बसतात, धुतले तरी पूर्ण जात नाहीत. मी ती लाल रंगाची घेतली आहेत आणि वेगळ्या डब्यात ठेवते.

कोरडं करण्याला मी सगळ्यांत जास्त वेळ देते. उघडा भाग पुसणं सोपं असतं, नटांच्या खोबणीत उरलेला थेंब काढणं अवघड. सायकलच्या पंपाची हवा तिथे मारली की थेंब बाहेर उडतो. शेवटी गाडी अंगणात मागेपुढे घेऊन ब्रेक दोन-तीनदा दाबायचे, म्हणजे डिस्क कोरडी होते.

२१ जुलै

रिपरिप. डावी चाकं पुसली. उजवी नाहीत. पावसाच्या पाण्यासाठी गच्चीच्या पन्हाळीखाली ड्रम लावला आहे. पहिला पाऊस छपराची धूळ घेऊन येतो म्हणून तो सोडून दिला होता, आता येतंय ते पाणी डिस्टिल्डच्या तोडीचं मऊ आहे. स्टेपनीवर थेंब टाकून पाहिला, माग नाही. पावसाळाभर पाणी विकत घ्यायची गरज संपली.

४ ऑगस्ट

गाडीखालचा चिखल काढायला एका वॉशिंग सेंटरवर नेली. तिथला पोरगा रिमसाठी बाटली घेऊन आला. “ताई, एक मिनिटात चांदी करून देतो.” बाटलीत काय, विचारल्यावर म्हणाला, ॲसिड पाण्यात पातळ करून. त्याला थांबवलं. तो मन लावून काम करणारा होता, त्याला खरंच वाटत होतं की यानेच क्रोम उजळतं. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम करून घेतली (इथून पुढचं मागाहून लिहिलं आहे).

कारखान्यातल्या भंगारातून एक प्लेटेड तुकडा घेतला आणि आमच्या साहेबांच्या परवानगीने, हातमोजे-चष्मा घालून, धूर ओढणाऱ्या कपाटात अर्धा तुकडा पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात धरला. बुडबुडे आले आणि बघता बघता क्रोम उतरलं. वर निळसर चमक, खाली निकेलचा पिवळट रंग, मधे सरळ रेघ. प्लेटिंगच्या धंद्यात खराब झालेलं क्रोम उतरवायला हेच आम्ल वापरतात. संडास साफ करायच्या बऱ्याच द्रावणांतही तेच असतं. ते रिमवर मारलं की मळ निघतो खरा, आणि एक-दोनदा मारलं तर चमकही दिसते. पण क्रोमचा पाव मायक्रॉन त्यात किती वेळ टिकणार? शिवाय उरलेलं क्लोराइड छिद्रांत बसतं आणि आतलं निकेल पोखरत राहतं. ब्लीचचंही तसंच, त्यातही क्लोराइड आहे. आणि ब्लीच आणि ॲसिड एका बादलीत कधीही येता कामा नयेत, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

तो तुकडा त्या पोराला दिला. त्याने तो सेंटरच्या भिंतीला खिळ्यावर टांगला आहे आणि आता विचारून विचारून शाम्पूनेच रिम धुतो.

पितळी देवांच्या पावडरीबद्दल आईने विचारलं. तिच्यातला खरखरीतपणा पितळेला चालतो, क्रोमला नाही. रिमचा काही भाग पिवळसर दिसायला लागला तर तो मळ नसतो, तिथलं क्रोम घासून गेलेलं असतं आणि निकेल उघडं पडलेलं असतं. ते कुठल्याही पॉलिशने परत येत नाही.

३ सप्टेंबर

पोळ्याच्या तोंडावर पावसाने मराठवाड्याला झोडपलं. परभणी, हिंगोली, नांदेडकडे शेतंच्या शेतं पाण्याखाली गेली. आमच्याकडे त्या मानाने निभावलं, पण शेताची वाट म्हणजे नुसता राडा. आप्पा बैलांना धुवून, शिंगं रंगवून, पूजा आटोपून काल रात्री जीप घेऊन आले ते स्टीअरिंग थरथरतंय म्हणत.

थरथरण्याचं कारण चाकाच्या पाठीला. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते, पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. उन्हाळ्यात रानात भेगा पडतात त्या तिच्यामुळेच. रिमच्या आत ती एका बाजूला गोळा होऊन बसली की चाकाचं वजन एकीकडे झुकतं आणि ठराविक वेगाला गाडी थरथरते. त्याहून वाईट म्हणजे बाहेरून सुकलेली दिसली तरी आत ओलावा धरून ठेवते. प्लेटिंगला दिवसच्या दिवस ओली पट्टी बांधून ठेवल्यासारखं होतं.

आज रजा टाकून चारही चाकांची पाठ भिजवून साफ केली. आतल्या सीलंटने आपलं काम केलं आहे. जूनमध्ये फॉइलने घासलेल्या पट्ट्यांवर गंज पुन्हा दिसतो, पण वाढलेला नाही, आणि माती भिजल्यावर मोठ्या पापुद्र्यांत निघून आली, चिवटपणे चिकटली नाही. ड्रममधलं पावसाचं पाणी दोन बादल्या लागलं.

बाहेरच्या बाजूचा हिशोब. कार्नोबाच्या अर्ध्या भागावर पाण्याचे थेंब आता गोल बसत नाहीत, पसरतात. पुढच्या चाकांवर हे आधी झालं. कार्नोबा ८२ ते ८६ अंशांना वितळतं आणि ब्रेकजवळची उष्णता, शाम्पू, चिखल यांच्यापुढे ते फार टिकत नाही. सीलंटच्या भागावर थेंब अजून बऱ्यापैकी गोल आहेत. पण हा फरक मला वाटला होता त्याहून लहान आहे. मोठा फरक डाव्या आणि उजव्या बाजूत आहे. उजव्या चाकांच्या नटांच्या खोबणीत बारीक तांबूस ठिपके आले आहेत, मेणाच्या भागातही आणि सीलंटच्या भागातही. डाव्या चाकांच्या खोबणी स्वच्छ आहेत.

म्हणजे डबा कोणता यापेक्षा खोबणीतला थेंब काढला की नाही, हे जास्त मोलाचं ठरलं. आजपासून उजवी चाकंही पुसायची. जेवढं बघायचं होतं ते बघून झालं, आता आप्पांच्या रिमचं नुकसान करत राहण्यात अर्थ नाही.

१३ ऑक्टोबर

काल दसरा. आईने जीपची पूजा केली: हळद-कुंकू, झेंडूच्या माळा, आपट्याची पानं, चाकांखाली लिंबं, बोनेटसमोर नारळ. पूजा जशी होते तशीच व्हावी, तिच्यात मी काही बदलणार नाही. फक्त दुसऱ्या दिवशी काय करायचं ते ठरवलं आहे.

लिंबू चिरडलं की रस रिमच्या खालच्या कडेवर उडतो. त्यात सायट्रिक आम्ल असतं. नारळाच्या पाण्यात साखर आणि क्षार, ते चिकटून धूळ धरतं. हळद-कुंकू ओलं लागलं तर छिद्राळ जागी रंग धरतं. सगळ्यांवर उपाय एकच, मऊ पाण्याचा स्प्रे आणि कापड, आणि तेही शिळं होऊ न देता. माळांची मात्र आधीच काळजी घेतली. बाजारातल्या माळेत कधी कधी लोखंडी तार असते, ती रिमवर घासत राहते आणि दवाने गंजून डाग सोडते. आईने यंदा सुतळीत ओवल्या.

रिम मेणावलेल्या असल्यामुळे हळदीचा डाग एका पुसण्यात गेला. स्टेपनीच्या उघड्या अर्ध्या भागावरचा निघायला दोनदा पुसावं लागलं.

१० नोव्हेंबर

दिवाळीत जीप जालन्याला आत्याकडे होती. आत्याचं घर औद्योगिक वसाहतीच्या अंगाला आहे. जालन्यात लोखंडी सळया बनवणाऱ्या गिरण्या आहेत. परत आल्यावर पाहिलं तर पाचही रिमवर, स्टेपनीवरसुद्धा, बारीक नारिंगी ठिपके. आप्पा हळहळले, “गेलं माय सगळं क्रोम.”

गेलेलं नव्हतं. पातळ प्लास्टिकची पिशवी हातावर चढवून रिमवर बोटं फिरवली तर खरखर लागली. ठिपके उंचवटे होते, खड्डे नव्हते. हवेतून आलेले लोखंडाचे कण वर बसले आणि दवाने तिथेच गंजले. स्टेपनीवरही सारखेच असल्याने ते ब्रेकचे नाहीत हे नक्की. त्यांना घासायचं नाही. लोखंडाचे कण विरघळवणारं द्रावण मिळतं, त्यात थायोग्लायकोलेट असतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि लोखंडाला लागलं की जांभळं होतं. थंड रिमवर, सावलीत फवारलं, जांभळे ओघळ सुटले, सुकायच्या आत भरपूर मऊ पाण्याने धुतलं. हातमोजे घालूनच. या एका कामाला पाण्यात काटकसर केली नाही, कारण द्रावण खोबणीत राहू देणं बरं नाही.

ठिपके गेले आणि पिशवीतल्या बोटांना गुळगुळीत लागलं. उजव्या चाकांच्या खोबणीतले जुने तांबूस ठिपके मात्र तसेच आहेत, ते खालून आलेले. धुतल्यावर जातो तो वरून बसलेला, पुन्हा उगवतो तो आतला. आप्पांना दोन्ही शेजारी दाखवले.

द्रावणाने मेणही उतरतं, म्हणून चाकं कोरडी करून पुन्हा सीलंट दिलं, या वेळी पूर्ण रिमला.

२२ डिसेंबर

गळीत हंगाम सुरू आहे. उसाच्या ट्रॉल्या रस्त्याने रांगेत, मागे धुळीचा लोट आणि पाचटाचा भुगा. चिखल नाही, पाऊस नाही, म्हणून काम हलकं झालं आहे. पहाटे दव पडतं तेवढंच. धुळीवर दव पडून ती सुकली की पातळ कवच बसतं, ते कोरड्या ब्रशने काढायला जाऊ नये, आधी फवारून ओलं करावं. ड्रममधलं पावसाचं पाणी झाकून ठेवलं होतं, अजून पुरतंय.

टायरला काळी चमक देणारं तेल आप्पांच्या मित्राने आणून दिलं होतं. ते फिरताना रिमवर उडतं आणि त्यावर धूळ चिकटते, म्हणून लावलं नाही. टायर नुसता ओल्या कापडाने पुसला तरी चांगला दिसतो.

उजव्या चाकांच्या खोबणीतल्या ठिपक्यांवर आज काम केलं. फॉइलच्या बारीक बोळ्याने वरचा गंज काढला, मऊ पाण्याने धुतलं, हेअर ड्रायरने खोबण कोमट होईपर्यंत वाळवली, मग काडीच्या टोकाने प्रत्येक खड्ड्यात पारदर्शक लॅकरचा कण सोडला, नट टेकतो त्या बैठकीला न लागू देता. हा बरा झालेला क्रोम नव्हे, पाण्याची वाट बंद केली एवढंच. लॅकर पूर्ण वाळल्यावर, पुढच्या रविवारी, वरून सीलंट.

चाचांकडे चाकांची अदलाबदल करायची वेळ होत आली आहे. तेव्हा पाठी पुन्हा साफ करून सीलंट द्यायचं, चिकटवलेल्या वजनांच्या कडा तपासायच्या आणि स्टेपनी पुढच्या उजव्या जागी लावायची. तिचा उघडा अर्धा भाग आता सीलंटने बंद केला आहे. उतरवलेली उजवी रिम कारखान्यात नेऊन तिच्या निकेलची जाडी मोजून घेणार आहे.